मुलांसाठीचा बागकाम संच : अवजारे उत्तम, बियाणे मात्र भलत्याच ऋतूचे

फाल्गुन लागला की ऑनलाइन दुकानांमध्ये मुलांसाठीच्या बागकाम संचांच्या जाहिराती दिसू लागतात. वेळ अर्थात विचारपूर्वक निवडलेली असते. सकाळी गॅलरीत उभे राहणे अजून सुखाचे असते, वार्षिक परीक्षा जवळ आलेल्या असतात आणि सुट्टीत मुलांना मोबाइलपासून दूर ठेवणारे काही मिळाले तर पालक त्यासाठी पैसे मोजायला एका पायावर तयार असतात. आम्हीही असाच एक संच १,४९९ रुपयांना घरपोच मागवला. घरात दुसरीत शिकणारी मुलगी, नुकताच बालवाडीत जाऊ लागलेला मुलगा आणि आजी, शिवाय पुण्यातील चौथ्या मजल्यावरची पश्चिमाभिमुख गॅलरी, अशा परिस्थितीत पाडव्याच्या आधीपासून एप्रिल संपेपर्यंत तो वापरून पाहिला. कंपनीचे नाव येथे दिलेले नाही. अशाच धर्तीचे संच अनेक जण विकतात आणि येथे जे मुद्दे मांडले आहेत, ते कोणाचाही संच घेताना तपासून पाहण्यासारखे आहेत.

खोक्यात सहा इंच व्यासाच्या व तेवढ्याच उंचीच्या सहा पांढऱ्या ग्रो बॅग, कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) ६५० ग्रॅमच्या दोन विटा, रोपे तयार करण्यासाठी कोकोपीटच्या चपट्या चकत्या, एक किलो गांडूळखत, बियांची आठ पाकिटे, खुरपे, छोटे दंताळे, झारी, हातमोजे, नावे लिहिण्यासाठी लाकडी पट्ट्या, एक भिंग, कडुनिंबाच्या तेलाची १०० मिलिलिटरची बाटली आणि रंगीत पुस्तिका एवढे सामान होते. खोक्यावर ‘वय वर्षे ३ पासून पुढे’ असे ठळकपणे छापलेले होते.

अवजारांबद्दल तक्रारीला जागा नाही. खुरप्याचे पाते लोखंडाचे असले तरी त्याच्या कडा गोलसर घासलेल्या आहेत आणि लाकडी मूठ लहान हाताच्या मापाची आहे. खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या खुरप्यांप्रमाणे ते पहिल्याच दिवशी वाकले नाही. झारीत जेमतेम एक लिटर पाणी मावते, त्यामुळे ती भरून उचलणे धाकट्यालाही जमते, आणि तिच्या तोंडाची जाळी इतकी बारीक आहे की नुकत्याच उगवलेल्या रोपावर पाणी घातले तरी ते आडवे होत नाही. हातमोजे मात्र थोरलीलाही ढगळ झाले आणि दोघांनीही ते लवकरच काढून टाकले. मातीत हात घालण्याचा आनंद मोजे घालून मिळणार तरी कसा! लाकडी पट्ट्यांवर स्केचपेनने लिहिलेली नावे दोन-चार वेळच्या पाण्यातच पुसली गेली. साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेली अजून वाचता येतात.

सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त रंगले ते कोकोपीटच्या चकत्यांचे प्रकरण. बंद्या रुपयापेक्षा थोडी मोठी, दाबून घट्ट केलेली तपकिरी चकती बशीत ठेवून तिच्यावर कोमट पाणी ओतले की क्षणभर काहीच होत नाही. मग तिच्या कडेने बारीक बुडबुडे येतात, बशीतले पाणी कमी होऊ लागते आणि चकती आडवी न पसरता सरळ वर चढू लागते. पाच-सहा मिनिटांत तिची उंची बोटाच्या दोन पेरांएवढी होते. “आई, ही उंच होतेय! हिला अजून पाणी हवंय!” असे ओरडत धाकट्याने एकामागून एक सगळ्याच चकत्या भिजवून टाकल्या. पुस्तिकेत एक महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून गेली आहे. चकतीभोवतीची बारीक जाळी कुजत नाही. मुळे तिच्यातून बाहेर पडतात खरी, पण पुढे खोड आणि मुळे जाड होऊ लागली की ती जाळीत आवळली जातात. त्यामुळे रोप पिशवीत लावताना जाळी कात्रीने कापून काढावी लागते आणि ते काम मोठ्यांनीच करायचे आहे.

मातीच्या बाबतीत कंपनीने हिशेब केलेला दिसतो, पण तो अर्धवट केला आहे. ६५० ग्रॅमची वीट भिजवल्यावर साधारण आठ-नऊ लिटर कोकोपीट होते, म्हणजे दोन विटांचे सोळा-सतरा लिटर. सहा इंची पिशवीत पावणेतीन लिटर माल मावतो आणि सहा पिशव्यांचेही सोळा-सतरा लिटरच होतात. कागदावर हे गणित बरोबर जुळते. मात्र कोकोपीट हा शेवटी भुसाच. तो पाणी उत्तम धरून ठेवतो, पण रोपाच्या पोषणासाठी त्यात जवळजवळ काहीच नसते. घरगुती कुंडीत निदान एक तृतीयांश तरी चांगले कुजलेले खत असावे लागते आणि तेवढ्यासाठी येथे तीन किलोच्या आसपास गांडूळखत लागले असते. संचात ते एकच किलो आहे. परिणाम व्हायचा तोच झाला. बियांतला साठा संपेपर्यंत रोपे टवटवीत राहिली आणि त्यानंतर त्यांची खालची पाने पिवळी पडू लागली. शेजारच्या रोपवाटिकेतून खताची वेगळी पिशवी आणल्यावर ती सावरली. कोकोपीटमध्ये क्षारही बरेच असू शकतात, म्हणून वीट भिजवल्यानंतर ती एक-दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन पिळून घेणे चांगले. याचाही पुस्तिकेत उल्लेख नाही.

या धुण्याचे आणि नंतरच्या रोजच्या पाण्याचे जे होते, त्याची कल्पना सदनिकेत राहणाऱ्यांना आधीच असलेली बरी. कोकोपीटमधून निथळणारे पाणी सुरुवातीला चांगलेच तपकिरी असते. पिशव्यांना तळाशी भोके आहेत, पण त्यांच्याखाली ठेवायच्या ताटल्या संचात नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर ते पाणी पडले आणि आमच्या बागेची ओळख इमारतीत सर्वप्रथम त्या मार्गाने झाली. काकूंनी ते हसण्यावारी नेले, हा त्यांचा मोठेपणा. १,४९९ रुपयांच्या वस्तूत सहा ताटल्या घालणे कंपनीला अवघड नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे बियांकडे वळतो. पालक, कोथिंबीर, लेट्यूस, गाजर, पँझी, चेरी टोमॅटो, भेंडी आणि बुटके सूर्यफूल अशी आठ पाकिटे होती. यांतील पहिली पाच थंडीची आहेत. पुण्यात मार्चच्या उत्तरार्धात पारा ३६-३७ अंशांवर जातो आणि एप्रिलमध्ये तो त्याच्याही पुढे सरकतो. लेट्यूसचे बी तापमान तिशीच्या आसपास गेले की मातीत नुसते पडून राहते. पँझीला त्याहूनही गारवा लागतो. गाजराला सहा इंची पिशवी कोणत्याही ऋतूत अपुरीच. पालक विलायती जातीचा होता. मंडईत मिळणारा आपला देशी पालक उन्हाळा बऱ्यापैकी सोसतो, पण हा सोसत नाही. कोथिंबीर उगवली, मात्र विरळ, आणि हातभर होण्याआधीच फुलावर आली. उन्हाळ्यात मंडईतल्या जुडीचा भाव का चढतो, हे त्यानिमित्ताने थोरलीला घरच्या घरी समजले, एवढाच काय तो लाभ. चेरी टोमॅटोची रोपे छान वाढली, पण दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर जाऊ लागले की टोमॅटोची फुले गळतात आणि येथेही तसेच झाले.

असे का झाले, याचे उत्तर पुस्तिकेच्या चौथ्या पानावर सापडते. ‘शेवटचे हिमदव पडून गेल्यावर रोपे हळूहळू घराबाहेर ठेवावीत’ अशा अर्थाची सूचना तेथे इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापलेली आहे. पुढच्याच पानावर रोपे भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवण्याचा सल्ला आहे. युरोप-अमेरिकेत वसंत म्हणजे गोठलेल्या जमिनीने सैल होण्याचा काळ, म्हणून तेथे बागकामाची सुरुवात वसंतात होते आणि मुलांचे संचही तेव्हाच विकले जातात. आपल्याकडे वसंत येतो तो पळस-पांगाऱ्याची फुले, आंब्याचा मोहोर आणि कोकिळेची साद घेऊन, पण कुंडीतल्या कोवळ्या रोपाच्या दृष्टीने चैत्र ही उन्हाळ्याची पहिली पायरी आहे. आपल्याकडे पेरणीचे खरे मुहूर्त दोन, मृगाचा पाऊस आणि दसऱ्यानंतरचा गारवा. वसंतात पेरायचे असेल, तर निवड उन्हाळी पिकांचीच करावी लागते. कंपनीने परदेशी संचाचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलले आहे आणि आपल्या पश्चिमाभिमुख गॅलरीत दुपारी दोन ते सहा काय होते, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आम्हाला हिरवे शेडनेट वेगळे आणून बांधावे लागले. पिशव्या पांढऱ्या असल्यामुळे मात्र मुळांचे बरेच रक्षण झाले. काळ्या पिशव्या त्या उन्हात हात लावता येऊ नये इतक्या तापतात.

मोठ्या माणसाच्या बागेत दोन पाकिटे वाया गेली तर बिघडत नाही. लहान मुलांच्या बागेत बिघडते, कारण त्यांचा धीर फार छोटा असतो. धाकटा रोज सकाळी उठून दात घासण्याआधी गॅलरीत जात असे आणि लेट्यूसच्या पिशवीपाशी उकिडवा बसून “आज आलं का?” असे विचारत असे. पेरल्यापासून आठवडाभरात काही दिसले नाही, तर या वयाच्या मुलासाठी ती पिशवी म्हणजे नुसतीच माती होऊन बसते. मुलांसाठीच्या संचात बी निवडताना पहिली कसोटी लवकर उगवण्याची हवी आणि दुसरी ऋतूची. या संचात पहिल्या कसोटीचाही विचार झालेला नाही. गाजर आणि कोथिंबीर ही दोन्ही उगवायला सावकाश. धणे पेरण्यापूर्वी हलके रगडून त्यांच्या दोन फाका करून घेतल्या तर उगवण सुधारते, हे आजीने सांगितले, पुस्तिकेने नाही.

सूर्यफुलाने मात्र संचाची लाज राखली. बी मोठे, धाकट्यालाही चिमटीत धरून पेरता येण्याजोगे. उगवताना ते आपले काळे-पांढरे टरफल डोक्यावर घेऊनच वर येते. आमच्या एका रोपाची ही टोपी दोन दिवस निघेना, दोन्ही दले आत चिकटून राहिली. थोरलीने तिच्यावर बोटाने पाण्याचा एकेक थेंब सोडला, टरफल मऊ झाले आणि संध्याकाळपर्यंत ते एका बाजूला कलून गळून पडले. दले उघडल्यावर आतला फिकट पिवळा रंग दुसऱ्या दिवशी हिरवा झालेला दोघांनीही पाहिला. प्रकाशाचे काम शाळेच्या पुस्तकात येण्याआधीच तिने डोळ्यांनी पाहून घेतले, याचे श्रेय संचाला द्यायलाच हवे. भेंडीही बियाणे रात्रभर भिजवून पेरल्यावर आठवड्याच्या आत उगवली. तिच्या पाकिटावर उगवणक्षमता ६५ टक्के लिहिली होती. भेंडीसाठीची ती किमान ठरलेली मर्यादा आहे आणि प्रत्यक्ष उगवण तिच्यापेक्षा चांगली निघाली. पण भेंडीचे सोटमूळ सहा इंचांत मावत नाही. ती रोपे जुन्या तेलाच्या डब्यात हलवल्यावरच त्यांना चार भेंड्या धरल्या.

रिकाम्या राहिलेल्या पिशव्यांमध्ये आजीने स्वयंपाकघरातल्या डब्यातली चवळी आणि मेथी पेरली. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आली आणि चवळीने तर माती उचलून बाजूला सारली. संचातल्या कोणत्याही पाकिटाने जो उत्साह निर्माण केला नाही, तो या मूठभर धान्याने केला. कंपनीने वसंतातल्या संचात चवळी, गवार, काकडी, लाल माठ, अंबाडी, झिनिया आणि कॉसमॉस एवढेच घातले असते, तरी हे परीक्षण वेगळे झाले असते. ही सगळी बियाणे कृषी सेवा केंद्रांत साध्या पाकिटांत मिळतात, आणि हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत सोलापूर रस्त्यालगत इतक्या रोपवाटिका आहेत की पुण्यातल्या कुटुंबाला रविवारची एक चक्कर पुरते. ‘ऑफिस टाइम’ या फुलझाडाच्या फांद्या तर शेजाऱ्यांकडे मागितल्या तरी मिळतात, आणि त्याची फुले सकाळी उमलून दुपारनंतर मिटतात हे मुलांना वेगळे शिकवावेही लागत नाही. भेंडीच्या बाबतीत एक सुचवावेसे वाटते. संचातले बी संकरित होते, त्यामुळे त्याचे बी धरून पुन्हा पेरले तर तीच भेंडी येईल याची खात्री नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ यासारखी सरळ जात घेतली, तर एक शेंग झाडावरच वाळवून पुढच्या हंगामासाठी बी राखता येते. बियांपासून पुन्हा बियांपर्यंतचा फेरा पुरा झालेला मुलांना दिसतो, तो संकरित बियांनी मधेच तुटतो.

भेंडी आणि टोमॅटोच्या बियांबद्दल आणखी एक तक्रार आहे आणि ती अधिक गंभीर आहे. दोन्ही बियांवर गुलाबी लेप होता. पाकिटाच्या मागे अगदी बारीक इंग्रजी अक्षरांत थायरमची प्रक्रिया केल्याचे आणि बी खाण्यासाठी न वापरण्याचे लिहिले होते. थायरम हे बुरशीनाशक आहे. शेतीत बीजप्रक्रिया ही नेहमीची गोष्ट आहे आणि १९६८ च्या बियाणे नियमांनुसार वेष्टनावर तसा उल्लेख करावाच लागतो, तेव्हा कंपनीने कायदा पाळला आहे. पण ज्या खोक्यावर तीन वर्षांपासूनच्या मुलांसाठी असे मोठ्या अक्षरांत छापले जाते, त्यात गोळीसारखे गुलाबी दिसणारे, औषध लावलेले बी असणे कोणत्याही पालकाला पटणार नाही. बिनप्रक्रियेचे बी बाजारात सहज मिळते.

कडुनिंबाच्या तेलाच्या बाटलीबद्दलही हेच म्हणावे लागेल. तिचे झाकण साधे फिरकीचे आहे आणि धाकट्याने ते सहज उघडले. पाडवा नुकताच होऊन गेला होता आणि गूळ-ओवा घालून कडुनिंबाची पाने-फुले सगळ्यांनी खाल्ली होती, त्यामुळे थोरलीचा प्रश्न बिनतोड होता : “आपण पाडव्याला कडुनिंब खातो, मग हे का नाही प्यायचं?” पाने चवीपुरती खाणे वेगळे आणि निंबोळीतून काढलेले तेल वेगळे. हे तेल पोटात गेल्यास लहान मुलांना उलट्या, गुंगी आणि झटके येऊ शकतात, तशी विषबाधेची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. बाटलीवर ‘नैसर्गिक’ आणि ‘सेंद्रिय’ हे दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत आहेत, ‘मुलांपासून दूर ठेवा’ मात्र कुठेही नाही. आमच्याकडे ती बाटली औषधांच्या कपाटात गेली. शिवाय हे तेल पाण्यात आपणहून मिसळत नाही, लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर तेल आणि थोडा पातळ साबण घालून ढवळावे लागते. पुस्तिकेत साबणाचा पत्ता नाही, त्यामुळे सूचनेप्रमाणे फवारणी करणाऱ्याच्या पानांवर नुसते तेलाचे डाग पडतील.

फवारणीची वेळ आमच्यावर आली नाही आणि ते भिंगामुळे. चवळीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा, म्हणजे रोपाचा रस शोषणारी बारीक कीड, दिसू लागला, त्याच्यामागून मुंग्या आल्या. भिंगातून पाहिल्यावर मावा खोडाला सोंड खुपसून एका जागी बसलेला आणि मुंग्या त्याच्याभोवती फिरून त्याच्या अंगातून येणारा गोड थेंब टिपताना स्पष्ट दिसत होत्या. काही दिवसांत तेथे राखाडी अंगावर नारिंगी ठिपके असलेली, काटेरी दिसणारी एक अळी फिरू लागली. आजीने ती चिमटीत धरून टाकायला हात पुढे केला, पण थोरलीने आधी निरीक्षण करू देण्याचा हट्ट धरला. ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी होती आणि मावा एकामागून एक खात होती. त्यानंतर तेल वापरण्याला मुलांनीच ठाम विरोध केला. भिंग साध्या प्लॅस्टिकचे आहे, बाजारात वेगळे घेतले तर त्याची किंमत किरकोळ असेल, पण संचातील सर्वांत जास्त वापरली गेलेली वस्तू तीच ठरली.

पाणी घालण्याबाबत पुस्तिका ‘रोज पाणी द्या’ एवढेच सांगते. कोकोपीटचा वरचा थर उन्हाने लवकर सुकतो आणि आतला ओलाच असतो, आणि मुले तर वरचा रंग पाहूनच झारी उचलतात. अति पाण्याने टोमॅटोची काही रोपे बुडखाशी बारीक होऊन कोलमडली. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून ओल पाहायची आणि मगच पाणी घालायचे, हा नियम घालून दिल्यावर तो प्रकार थांबला. बोट घालण्याचे काम मुलांना पाणी घालण्याइतकेच आवडते, असा अनुभव आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे टँकर सुरू होतात, तेव्हा तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी या सहा पिशव्यांना पुरून उरले.

कंपनीच्या ग्राहक सेवेला न उगवलेल्या बियांबद्दल लिहिले असता दुसऱ्या दिवशी सौजन्यपूर्ण उत्तर आले आणि आठवड्याभरात बदली पाकिटेही आली. दुर्दैवाने ती पुन्हा लेट्यूस, पालक आणि पँझीचीच होती. औषध लावलेल्या बियांविषयी आणि तेलाच्या झाकणाविषयी ‘सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ यापलीकडे काही कळलेले नाही. पाच वर्षांखालील मूल घरात असेल, तर त्या दोन गोष्टी बदलेपर्यंत खोक्यावरच्या वयाच्या उल्लेखावर विसंबू नये. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी हा संच दसऱ्याच्या सुमारास घेतल्यास त्याची किंमत बऱ्याच अंशी वसूल होईल. फाल्गुनात घ्यायचा असेल, तर झारी, खुरपे, भिंग आणि पांढऱ्या पिशव्या सुट्या विकत घेऊन बी स्थानिक दुकानातून आणणे निम्म्याहून कमी खर्चात होते. बदली पाकिटे आम्ही हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली आहेत, ती नवरात्रानंतर पेरू.